तबल्याच्या दूरस्थ वर्गात आवाज अडकतो आणि झालेला उशीर भरून निघत नाही : टीसीपी सोडून यूडीपीकडे जावे का?

विलंबित_एकताल (प्रश्न)

नमस्कार. आमचे तबल्याचे गुरुजी पुण्यात राहतात आणि त्यांचे काही विद्यार्थी नाशिक, कोल्हापूर आणि जर्मनीत आहेत. बैठकांसाठी बनवलेल्या तयार अॅपवर डग्ग्याची घुमार ऐकूच येत नाही, अशी गुरुजींची जुनी तक्रार होती, म्हणून मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने ब्राउझरमध्ये चालणारी एक साधी प्रणाली स्वतः लिहिली. ध्वनी ऑपस कोडेकमध्ये (आवाज आवळून लहान करणाऱ्या पद्धतीत) ६४ केबीपीएस दराने बांधला जातो, दर २० मिलिसेकंदांची एक फ्रेम, म्हणजे आवाजाचा एक तुकडा, तयार होते, ती वेबसॉकेटवरून, म्हणजे टीसीपी या प्रोटोकॉलवरून, मुंबईतील आमच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून प्रत्येक विद्यार्थ्याला मिळते. सर्व्हर गो भाषेत लिहिलेला आहे.

घरच्या फायबरवर सगळे उत्तम चालते. विद्यार्थी मोबाइलच्या नेटवर असला, की मात्र आवाज मध्येच थांबतो, अडकलेले बोल एकदम कानावर येऊन आदळतात आणि त्यानंतर तो विद्यार्थी दोन-तीन सेकंद मागे पडतो तो पडतोच. पान पुन्हा उघडल्याशिवाय तो उशीर जात नाही. परवा गुरुजी समेवर हात थांबवून बोलू लागले, तेव्हा जर्मनीतील विद्यार्थिनी अजून मागच्याच आवर्तनात होती आणि तिचे उत्तर येईपर्यंत गुरुजींनी पुढचा कायदा (तबल्यातील एक रचना) सुरू केला होता.

नेटचा वेग कमी आहे असे म्हणावे, तर ६४ केबीपीएससाठी कोणत्याही जोडणीवर भरपूर जागा आहे. जर्मनीपर्यंतचा पिंग, म्हणजे जाऊन येण्याचा वेळ, १४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि शंभरातले एखादे पॅकेट हरवते. माझे प्रश्न असे आहेत : दोष खरोखर टीसीपीचा आहे का? पोचण्याची हमी न देणाऱ्या यूडीपी प्रोटोकॉलवर गेलो तर हरवलेले पॅकेट परत मिळणार नाही, मग तबल्याचा एखादा बोलच गळाला तर काय करायचे? आणि विद्यार्थ्याला गुरुजींबरोबर एकाच वेळी वाजवता येईल, इतका उशीर कमी करता येतो का?

अर्धमात्रा

दिवसेंदिवस नव्हे, तर एकेका अडथळ्यागणिक उशीर वाढत जाणे आणि तो कधीच कमी न होणे, हे टीसीपीवरून थेट ध्वनी पाठवल्याचे ठळक लक्षण आहे, त्यामुळे तुमचा संशय योग्य जागी आहे.

टीसीपीचे वचन असे असते, की पाठवलेला प्रत्येक बाइट पोचेल आणि पाठवल्या क्रमानेच पोचेल. फाइल उतरवून घेताना किंवा बँकेचा व्यवहार करताना हे वचन हवेच असते. ध्वनीच्या बाबतीत मात्र ‘क्रमाने’ या एका शब्दापाशी घोडे पेंड खाते. समजा, शंभरावे पॅकेट वाटेत हरवले. त्यामागची पॅकेटे विद्यार्थ्याच्या फोनपर्यंत वेळेवर आलेली असतात, पण फोनची कार्यप्रणाली ती तुमच्या प्रोग्रामच्या हाती देत नाही. शंभरावे येईपर्यंत ती सगळी दाराशी ताटकळत राहतात. यालाच हेड ऑफ लाइन ब्लॉकिंग म्हणतात.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. पॅकेट हरवल्याचे पाठवणाऱ्याला कळण्यासाठी त्यामागची तीन पॅकेटे पोचून त्यांच्या तीन सारख्या पोचपावत्या परत याव्या लागतात. तुमचे पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघते, म्हणजे तीन पॅकेटे निघायलाच ६० मिलिसेकंद लागतात, आणि त्यावर जाऊन येण्याचे १४० मिलिसेकंद धरले, तर हरवलेली फ्रेम नेहमीपेक्षा २०० मिलिसेकंद उशिरा पोचते. तेवढ्या वेळात दहा फ्रेम दाराशी साचलेल्या असतात. नव्या लिनक्समधील रॅक नावाची पद्धत यातले ६० मिलिसेकंद काही प्रमाणात वाचवते, पण जाऊन येण्याचे १४० मिलिसेकंद कोणालाच चुकवता येत नाहीत. दूरध्वनी संभाषणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. येथे केवळ एका हरवलेल्या पॅकेटपायी ती मर्यादा ओलांडली जाते.

मोबाइलवर याहून वाईट घडते. विद्यार्थिनी रेल्वेत असेल आणि फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना सव्वा सेकंद काहीच पोचले नाही, तर पोचपावत्याही येत नाहीत आणि सगळा भार टाइमआउटवर, म्हणजे ठरावीक वेळ वाट पाहून पुन्हा पाठवण्यावर, पडतो. लिनक्समध्ये हा टाइमआउट जाऊन येण्याच्या सरासरी वेळेपेक्षा किमान २०० मिलिसेकंदांनी जास्त असतो, म्हणजे तुमच्याकडे सुमारे ३४०, आणि प्रत्येक अपयशानंतर तो दुप्पट होतो. साध्या हिशेबाने पहिला प्रयत्न ३४० व्या मिलिसेकंदाला होतो, दुसरा १०२० व्या आणि तिसरा २३८० व्या. जोडणी सव्वा सेकंदात परत आली तरी टीसीपीला त्याची खबर लागायला दोन सेकंदांहून अधिक वेळ जातो. तुमच्या वर्गात दिसणारे ‘दोन-तीन सेकंद’ मला येथूनच आलेले वाटतात.

थोडा इतिहास येथे सांगावासा वाटतो, कारण तुमचा प्रश्न इंटरनेटच्या जन्माइतका जुना आहे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४ च्या मांडणीत आजचे टीसीपी आणि आयपी वेगळे नव्हते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग त्याच दशकात चालू होते, आणि त्यात गुंतलेले डॅनी कोहेन यांच्यासारखे लोक आग्रहाने सांगत होते, की आवाजाला हमीपेक्षा वेळ महत्त्वाची आहे आणि ती हमी सर्वांवर लादू नये. १९७८ मध्ये टीसीपीपासून आयपी वेगळा काढला गेला, आणि ऑगस्ट १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला यूडीपी आला. त्याचा दस्तऐवज, म्हणजे आरएफसी ७६८, जेमतेम तीन पानांचा आहे आणि त्याचा हेडर आठ बाइटांचा : दोन पोर्ट, लांबी आणि चेकसम. क्रम, पोचपावती, वेग यांपैकी कशाचीही जबाबदारी तो घेत नाही, आणि म्हणूनच तो तुमच्या उपयोगाचा आहे.

उशिरा पोचलेली ध्वनीची फ्रेम म्हणजे वरातीमागून आलेले घोडे. ती मिळवण्यासाठी पुढच्या दहा फ्रेम अडवून ठेवण्यात काहीच हशील नाही. तेव्हा यूडीपीवर अवश्य जा, पण स्वतःचा प्रोटोकॉल लिहू नका. तसेही ब्राउझर तुम्हाला उघडा यूडीपी सॉकेट देणार नाही. वेबआरटीसी ही ब्राउझरमधील थेट संवादाची तयार यंत्रणा वापरा. त्यात यूडीपीवर आरटीपी हा प्रोटोकॉल चालतो, ज्याच्या प्रत्येक पॅकेटवर क्रमांक आणि वेळेचा शिक्का असतो. त्यामुळे काय हरवले ते कळते, पण त्यासाठी कोणी थांबत नाही.

घाटमाथा

वरील विवेचन बरोबर आहे, तरी सगळा दोष टीसीपीवर टाकणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटल्यासारखे होईल. तुमच्या तक्रारीचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. आवाज अडकणे हा टीसीपीचा भाग आहे. अडकून गेल्यावरही उशीर कायम राहणे हा तुमच्या स्वतःच्या प्लेअरचा भाग आहे. दोन सेकंदांचा ध्वनी एकदम हाती आला, तर तो सगळा क्रमाने वाजवायचा की शिळा भाग टाकून देऊन ताज्या फ्रेमपाशी यायचे, हे टीसीपी ठरवत नाही, तुमचा प्रोग्राम ठरवतो, आणि तुम्ही नकळत सगळे वाजवायचे ठरवले आहे. प्रत्येक फ्रेमवर वेळ लिहा आणि जिचा उशीर ठरावीक मर्यादेपुढे गेला ती टाकून द्या. हे आजच्या आज करता येईल आणि पान पुन्हा उघडण्याची गरज त्यानेच संपेल.

पाठवण्याच्या बाजूलाही असेच साचते. जोडणी मंदावली तरी ब्राउझरमधील वेबसॉकेट तुमच्या फ्रेम मुकाट्याने घेतच राहतो. त्याचा बफर्डअमाउंट हा, अजून न निघालेला साठा दाखवणारा आकडा फ्रेम पाठवण्यापूर्वी पाहा, आणि तो चार-पाच फ्रेमपेक्षा अधिक भरला, तर नवी फ्रेम तेथेच सोडून द्या. सर्व्हरवर विद्यार्थ्यागणिक वेगळी आणि आखूड रांग ठेवा, म्हणजे कोल्हापूरची जोडणी रखडली तरी नाशिकला झळ लागणार नाही. लहान पॅकेटे थोपवून एकत्र पाठवणाऱ्या नेगलच्या अल्गोरिदमची शंका अशा वेळी हमखास घेतली जाते, पण गो भाषेत तो मुळातच बंद असतो, त्यामुळे त्यामागे वेळ घालवू नका.

आता राऊटरकडे येतो, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा खरा अडथळा तेथेच सापडतो. गुरुजींच्या घरी कोणाच्या तरी फोनवरून फोटोंचा बॅकअप चालू झाला, तर अपलोडची रांग भरते आणि तुमची इवलीशी फ्रेम त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. अपलोड २ एमबीपीएसचा आणि राऊटरमध्ये साचलेली रांग २५० किलोबाइटांची असेल, तर ती उपसायला पूर्ण एक सेकंद लागतो. यात एकही पॅकेट हरवलेले नसते, म्हणून हरवण्याचे प्रमाण मोजून हे दिसत नाही, आणि यूडीपीवर गेल्याने ते सुटतही नाही, कारण रांगेत उभे राहणे दोघांनाही सारखेच आहे. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेला, रांग आटोक्यात ठेवणारा कोडेल अल्गोरिदम आणि त्यावर उभा असलेला एफक्यू-कोडेल यांचा इलाज यावर फार चांगला चालतो. तो प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवतो आणि पॅकेट रांगेत ५ मिलिसेकंदांहून अधिक काळ सतत रेंगाळू लागले, की पाठवणाऱ्याला आवरते घेण्याचा इशारा देतो. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त कार्यप्रणाली चालणारा राऊटर असेल, तर ही सोय त्यात असतेच, फक्त अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली लावावी लागते.

हे पडताळण्यासाठी गुरुजींच्या घरून दोन मिनिटे पिंग चालू ठेवा आणि मध्येच एक मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग ३० वरून ६०० वर गेला, तर आधी राऊटर दुरुस्त करा.

शेवटी एक सावधगिरी. यूडीपी स्वतः कोंडी ओळखत नाही. पॅकेटे पोचत नाहीत हे पाहून एखाद्याने प्रत्येक फ्रेम तीन-तीनदा पाठवायला सुरुवात केली, तर भरलेली रांग आणखी भरते आणि आपण आगीतून फुफाट्यात जातो. वेबआरटीसीमध्ये उशीर वाढू लागताच दर कमी करणारी यंत्रणा आहे, ती बंद करू नका.

विलंबित_एकताल

दोघांचेही मनापासून आभार. पिंगचा प्रयोग काल संध्याकाळी केला. अपलोड चालू होताच ३५ चा पिंग ८०० च्या पुढे गेला, म्हणजे राऊटरचा भाग खरा आहे. शिळ्या फ्रेम टाकून देण्याचा बदलही केला आणि उशीर आता साचत नाही, पण अडकणे उरले आहे, म्हणून वेबआरटीसीकडे वळतो आहोत. पहिल्या चाचणीतच एक नवी अडचण आली : गुरुजी तंबोरा लावून बोल म्हणून दाखवतात, तेव्हा तंबोरा हळूहळू विरत जातो आणि नाहीसा होतो.

खर्ज_षड्ज

तंबोऱ्याचे विरणे नेटवर्कमुळे नाही. वेबआरटीसी मुळात बोलण्यासाठी घडवलेले आहे, आणि त्यातील गोंगाट कमी करणारा भाग एकसारख्या अखंड आवाजाला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतो. माइक मागताना प्रतिध्वनी-निवारण, गोंगाट-निवारण आणि आवाजाची आपोआप पातळी हे तिन्ही पर्याय बंद करा. प्रतिध्वनी-निवारण बंद केल्यावर दोन्हीकडे हेडफोन अनिवार्य होतात, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बोल गळण्याचे, उत्तर अजून कोणी दिलेले नाही आणि मला ते महत्त्वाचे वाटते. बोलण्यातली एक २० मिलिसेकंदांची फ्रेम गेली, तर डिकोडर मागच्या आवाजावरून ती जागा भरून काढतो आणि कानाला फारसे कळत नाही. तबल्याचे तसे नाही. ‘ती’ किंवा ‘ट’ या बोलांची ओळख त्यांच्या आघाताच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते, आणि नेमकी ती फ्रेम गेली तर मागच्या आवाजावरून तिचा अंदाज बांधणे शक्य नसते. ऑपसमध्ये हरवलेल्या फ्रेमची सोय करणारा एफईसी आहे, पण तो बोलण्याच्या आवाजासाठी असलेल्या सिल्क भागातच चालतो. संगीतासाठी वापरल्या जाणाऱ्या सेल्ट भागात तो लागू होत नाही, त्यामुळे तुमच्या ६४ केबीपीएसच्या संगीतात तो चालू करूनही हाती काही लागणार नाही. त्याऐवजी आरएफसी २१९८ मधील रेड पद्धत वापरा, जिच्यात प्रत्येक पॅकेटमध्ये ताज्या फ्रेमबरोबर आधीच्या फ्रेमची प्रत जाते. शंभरात एक पॅकेट एकमेकांशी संबंध नसताना हरवत असेल, तर लागोपाठ दोन हरवण्याची शक्यता दहा हजारांत एक होते. दर जवळपास दुप्पट होतो, पण तुमच्याकडे जागा आहे. मोबाइलवर पॅकेटे पुष्कळदा सलग हरवतात आणि तेथे इतका फायदा मिळणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा. चाचणीसाठी लिनक्समधील नेटेम हे खराब नेटवर्कची नक्कल करणारे साधन वापरत असाल, तर सुटीसुटी गळती न लावता त्यातील सलग गळतीचे गिल्बर्ट-इलियट प्रतिमान लावून पाहा.

जिटर बफरबद्दल, म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेटे सारख्या अंतराने वाजावीत म्हणून थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या साठ्याबद्दल, माझे मत रूढ सल्ल्याच्या विरुद्ध आहे. क्रोममधील नेटइक्यू हा बफर उशीर कमीत कमी ठेवण्यासाठी ध्वनी सूक्ष्मपणे ताणतो आणि आवळतो. बोलण्यात हे खपून जाते, पण लय शिकवताना ते विष आहे, कारण गुरुजींनी ठाय लयीत दिलेला ठेका विद्यार्थ्याला किंचित पुढे-मागे होत ऐकू येतो आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो. वर्गात ऐकून वाजवायचे असते, तेथे उशीर १०० ऐवजी २०० मिलिसेकंद असल्याने काहीही बिघडत नाही, पण तो उशीर स्थिर असला पाहिजे. रिसीव्हरवरील जिटरबफरटार्गेट ही या बफरची लांबी ठरवणारी संख्या थोडी वाढवून ठेवा.

आणि एकत्र वाजवण्याविषयी स्पष्टच सांगतो. तंतूमधून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. पुणे ते फ्रँकफर्ट हे अंतर सरळ रेषेतही साडेसहा हजार किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे एका दिशेला ३२ मिलिसेकंद नुसत्या तंतूतच जातात, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसते. त्यात २० मिलिसेकंदांची फ्रेम भरणे, बफर आणि साउंडकार्ड मिळवा. खोलीत दहा-अकरा मीटर लांब बसलेल्या वादकाचा आवाज ३० मिलिसेकंदांनी पोचतो आणि तेवढ्यातही द्रुत लयीत सम सांभाळणे जड जाते. कोणताही प्रोटोकॉल हे अंतर मिटवू शकत नाही. त्यामुळे लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, विद्यार्थ्याच्याच यंत्रावर वाजू द्या, विद्यार्थ्याने त्यावर वाजवावे आणि लेहरा व तबला एकत्र मिसळून गुरुजींकडे जावेत. गुरुजींना सगळे उशिरा ऐकू येईल, पण आपसांत जुळलेले ऐकू येईल, आणि शिकवायला तेच लागते.

अर्धमात्रा

लेहऱ्याची युक्ती फार आवडली. एक जोड देतो. कचेऱ्यांच्या आणि हॉटेलांच्या वाय-फायवर यूडीपी पुष्कळदा अडवलेला असतो, म्हणून टर्न सर्व्हर (ध्वनी पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) उभा करा आणि त्यात ४४३ पोर्टवर टीएलएसचा, म्हणजे कूटबद्ध टीसीपीचा, मार्गही खुला ठेवा. वेबआरटीसीमधील आईस यंत्रणा आधी थेट यूडीपी, मग टर्नमार्गे यूडीपी आणि अगदीच काही जमले नाही तर टीएलएस असा रस्ता शोधते. त्या शेवटच्या रस्त्यावर पुन्हा टीसीपीच असतो, आणि वर केलेला सगळा हिशेब तेथे पुन्हा लागू होतो.

पुढेमागे सर्व्हर नव्याने लिहिणार असाल, तर क्विक या नव्या प्रोटोकॉलकडेही पाहा. २०२१ च्या आरएफसी ९००० नुसार तो यूडीपीवर चालतो, एका प्रवाहातील गळतीने दुसरा प्रवाह अडत नाही आणि फोन वाय-फायवरून मोबाइल नेटवर गेला तरी जोडणी टिकू शकते. मात्र सगळा ध्वनी एकाच प्रवाहात ओतला, तर त्या प्रवाहात क्रमाची हमी टीसीपीसारखीच असते आणि आवाज पूर्वीसारखाच अडकतो. ध्वनीसाठी त्यातील डेटाग्राम (क्रमाची हमी नसलेली सुटी पॅकेटे) वापरावे लागतात, जे २०२२ च्या आरएफसी ९२२१ मध्ये आले, आणि ब्राउझरमध्ये ते वेबट्रान्सपोर्टमार्फत मिळतात. जिटर बफर आणि हरवलेल्या फ्रेमची भरपाई तेथे तुम्हालाच लिहावी लागेल, म्हणून आज तरी मी तुम्हाला वेबआरटीसीच सुचवेन.

विलंबित_एकताल

माइकचे तिन्ही पर्याय बंद केले, रेड चालू केले, बफर १५० मिलिसेकंदांवर ठेवला आणि गुरुजींच्या घरी एफक्यू-कोडेल असलेला राऊटर बसवला. रविवारचा दीड तासाचा वर्ग एकदाही न अडकता पार पडला. लेहरा आता प्रत्येकाच्या यंत्रावर वाजतो, फक्त गुरुजींनी लय बदलली की ती संख्या सर्व्हरमार्फत विद्यार्थ्याकडे जाते आणि पुढच्या समेपासून लागू होते. ही संख्या हरवून चालणार नाही, म्हणून ती जुन्या वेबसॉकेटवरूनच पाठवतो.

जर्मनीतील विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत कचेरीच्या वाय-फायवरून एकदा जोडली गेली, तेव्हा रस्ता टीएलएसचाच सापडला आणि आवाज पूर्वीसारखा अडकू लागला. आता असा रस्ता निवडला गेला, की पडद्यावर ‘या नेटवर्कवर यूडीपी बंद आहे, शक्य असल्यास मोबाइलचे नेट वापरावे’ अशी सूचना दिसते. तिने नेट बदलले आणि पुढच्याच आवर्तनात गुरुजींनी तिला डग्ग्यावरील मनगट सैल सोडायला सांगितले, म्हणजे घुमारेतला फरक त्यांना पुण्यात ऐकू आला होता.